एक नंबरची टोपी आणि अर्ध्यावरची रेघ

आमच्या ताईला एक खोड आहे. दुसऱ्याची चूक असली की ती तिला तलावाच्या त्या टोकावरून दिसते. स्वतःची असली की नेमकं डोळ्यांत पाणी गेलेलं असतं. मित्रांनो, घरच्या माणसाची उणीदुणी चारचौघांत काढू नयेत, एवढं मलाही कळतं. पण गेल्या आठवड्यात तिने जे केलं ते मी माझ्या दोन्ही कानांनी ऐकलं, आणि ऐकून गप्प बसायचा माझा स्वभाव नाही.

मी एक जुनी टोपी आहे. उन्हात घालायची साधीसुधी टोपी नव्हे. वॉटर पोलोची, गोलकीपरची, लाल रंगाची. पाण्यात चेंडू खेळणाऱ्या दोन संघांत सात-सात जणी असतात. बाकीच्यांच्या टोप्या पांढऱ्या नाहीतर निळ्या, गोल सांभाळणारीची तेवढी लाल. माझ्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या वाट्या आहेत, चेंडू लागून कानाचा पडदा फाटू नये म्हणून. वाट्यांना भोकं आहेत, हाक ऐकू यावी म्हणून. शिक्षणाचं म्हणाल तर मला एकच आकडा येतो, तोही माझ्या अंगावर छापलेला आहे म्हणून. पण एक येत असला की भागतं. बाकीचे सगळे आकडे त्याच्या मागेच उभे असतात.

कारखान्यात मला केलं ते एका दांडग्या पुरुषाच्या डोक्यासाठी. तो कोण होता, मला आठवत नाही. डोकं मोठं होतं आणि घाम फार यायचा, एवढंच आठवतं. मग त्याच्या क्लबात मुलींचा संघ निघाला. मुलींना नव्या टोप्या कोण देणार? पुरुषांच्या उतरलेल्या टोप्या एका खोक्यात घालून त्यांच्यापुढे ठेवल्या. मी आले एका पंधरा वर्षांच्या पोरीच्या वाट्याला. उंच, हाडकुळी, हात गुडघ्यापर्यंत पोचणारे. मैत्रिणी तिला बांबू म्हणत. आज लोक तिला ताई म्हणतात, तुम्हीही म्हणा. मी बत्तीस वर्षं तिला ओळखते आहे, मी अगं-तुगंच करणार.

पहिल्याच दिवशी मी सरकून तिच्या डोळ्यांवर आले. चेंडू आला, तिला दिसला नाही, सरळ नाकावर बसला. ती घरी गेली तेव्हा तिच्या एका हातात मी होते आणि दुसऱ्या हातात रक्ताचा रुमाल.

तिची आई एका दुकानात गणवेश शिवायची. मापं लिहिण्यापुरती अक्षरं तिला येत होती, पत्र लिहिण्यापुरती नव्हती. तिने आधी नाक बघितलं, मग मला बघितलं.

"नाक कशाने फुटलं? चेंडूने का टोपीने?"

"टोपी डोळ्यांवर आली गं."

"मग चेंडूला शिव्या कशाला देतेस? टोपीकडे मी बघते."

तिने मला त्याच संध्याकाळी उसवली. दोन बोटं कापड काढलं, शिवण दुहेरी घातली, दोऱ्या नव्या लावल्या. मग सुई विस्तवावर लाल केली आणि कानाच्या वाट्यांची भोकं मोठी केली. "गोलात एकटीच असतेस म्हणतेस ना? मग ऐकू तरी नीट यायला हवं," म्हणाली. मला वाटतं, त्या दोऱ्याबरोबर तिची जीभही थोडी माझ्यात शिवली गेली. लोक म्हणतात टोपी फटकळ आहे. अहो, शिवली कुणी ते बघा.

दोरी बांधायची रीतही तिचीच. हनुवटीखाली दोन वेढे, आणि गाठ मधोमध नाही, डावीकडे. मधोमध गाठ मारली तर जबडा उघडत नाही, आणि गोलकीपरला सामनाभर ओरडायचं असतं. कोण मोकळी सुटली, कोण मागून येते आहे, हे सगळ्यांत आधी तिलाच दिसतं. त्या दिवसापासून आजपर्यंत माझी गाठ डावीकडे आहे.

मग आमचे कामाचे दिवस सुरू झाले. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगी पाण्यात आरामात उभी आहे. खाली बघा म्हणजे कळेल. पाय तळाला टेकत नाहीत. दोन्ही पाय ताकात रवी फिरावी तसे फिरत असतात, आठ-आठ मिनिटांचे चार डाव. चेंडू मारणारीने हात उचलला की त्या पायांच्या जोरावर बांबू कमरेपर्यंत पाण्याबाहेर यायची आणि ते लांब हात पसरायची. समोरच्या पोरींना गोल दिसेनासाच व्हायचा. एकदा वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात तिचं तोंड अर्धं पाण्यात आहे, मी मात्र ठसठशीत दिसते. तो फोटो क्लबाच्या ऑफिसात अजून टांगलेला आहे. कौतुक कुणाचं जास्त झालं, ते मी माझ्या तोंडाने कशाला सांगू?

पण एक दिवस सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यातून निघालं. तेव्हाचा नियम असा होता की गोलकीपरने तलावाच्या अर्ध्यावरची रेघ ओलांडायची नाही. पाण्यात रेघ कसली दिसते? काठावर एक पांढरी खूण असते, तिच्यावरून अंदाज घ्यायचा. बांबू बावीस वर्षांची होती. शेवटचा सामना, बरोबरीत. तिने चेंडू अडवला, समोर सगळं पाणी मोकळं दिसलं आणि ती सुसाट निघाली. हात रेघेच्या पलीकडे गेला, एक वीतभर. पंचाची शिट्टी झाली. चेंडू त्यांच्याकडे गेला, आमचा गोल रिकामाच होता, त्यांनी तो भरला.

तेव्हाचे सर फार मोठ्याने बोलत नसत, त्या दिवशी मात्र बोलले. सगळ्या पोरींसमोर म्हणाले, "रेघ दिसत नाही का तुला? तुझ्या एका हातापायी सगळ्यांचं वर्ष वाया गेलं."

ती घरी आली. दोन दिवस उशी चावत पडली. त्यानंतर सात वर्षं खेळली, पण रेघेच्या जवळ कधी गेली नाही. दोन हात अलीकडेच थांबायची. आमच्या आईचं म्हणणं, भाजलेलं मूल चुलीपासून जेवढं लांब राहतं तेवढी.

एकोणतिसाव्या वर्षी तिचा खांदा गेला आणि खेळ सुटला. गळ्यात शिट्टी आली आणि ती मुलींना शिकवू लागली. माझं काय झालं? मला तिने कपडे बदलायच्या खोलीतल्या एका लोखंडी कपाटाच्या तळाशी टाकली, वर जुने टॉवेल, त्याच्यावर फुटका चेंडू. बारा वर्षं. पाण्यात झिजले त्याचं मला काही वाटत नाही. न वापरता कुजले असते तर वाटलं असतं. माझा रंग विटून कांद्याच्या सालीसारखा झाला आणि एका दोरीला बुरशी धरली. शिट्टी मात्र रोज पुसली जायची.

मग ती पोरगी आली. अकरा वर्षांची, बुटकी, गोलकीपर व्हायला निघालेली. सगळ्या हसल्या. पण पाण्यात तिचे पाय जे काही चालायचे ते बघून हसू थांबलं. तिला बेडकी म्हणू लागल्या. हे नाव आवडत नाही असं ती सांगायची, आणि कुणी ते घेतलं नाही की वळून बघायची. एका सकाळी ताईने टॉवेल उपसून मला बाहेर काढली आणि घरी नेली. आईने मला पुन्हा लाल रंगात बुडवली, शिवण घट्ट केली. दुसऱ्या दिवशी मी बेडकीच्या डोक्यावर. गाठ डावीकडे, ताईने स्वतःच्या हाताने मारलेली.

सहा वर्षं ताईने तिला घडवली. त्यात कमी केलं असं मी म्हणणार नाही. "पाण्यात माझा आवाज आला की आधी ऐकायचं, विचार मग करायचा," हा तिचा पहिला धडा. बेडकीने तो इतका पाठ केला की ताई खोकली तरी ती वळायची.

मधल्या काळात नियम बदलला. गोलकीपरला रेघेपलीकडे जाता येऊ लागलं. ताईने जेवताना आईला सांगितलेलं मी तेव्हा दोरीवर वाळत ऐकलं होतं: "आपल्या वेळी असं असतं तर." आणि घास गिळला. बेडकी मात्र मागेच लागली. ताई, मी जाऊ का, ताई, एकदा जाऊन बघू का. शेवटी ताई म्हणाली, "समोर मोकळं दिसलं तर जा. मला विचारत बसू नकोस."

हे शब्द लक्षात ठेवा, मित्रांनो. ती विसरली, तुम्ही विसरू नका.

गेल्या शुक्रवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. आम्ही एका गोलने मागे. घड्याळात वीस सेकंद उरलेले. त्यांच्या सगळ्या पोरी आमच्याच अंगणात आल्या होत्या, एकीने चेंडू जोरात मारला, आणि बेडकीने तो दोन्ही हातांनी धरला. तिने मान वळवून बघितलं. माझ्या आत तिचं डोकं गरम झालेलं मला कळलं. समोर सगळं पाणी मोकळं, त्या टोकाला त्यांची एकटी गोलकीपर.

ती निघाली. चेंडू दोन हातांच्या मध्ये, मान वर, काय पोहत होती म्हणून सांगू. काठावरची पांढरी खूण जवळ आली, मागे पडली. आणि त्या क्षणी काठावरून आवाज आला.

"रेघ! मागे फीर!"

ताईचा आवाज. आईने लाल सुईने मोठी केलेल्या त्या भोकांतून तो स्वच्छ आत आला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, ही भोकं बुजलेली असती तर बरं झालं असतं.

बेडकी थांबली. आधी ऐकायचं, विचार मग करायचा. ती वळली, आणि मागून आलेल्या पोरीने चेंडू तिच्या हातातून उडवला. भोंगा वाजला.

पाण्याबाहेर आल्यावर बेडकीने मला डोक्यावरून काढून हातात धरलं होतं. क्लबाचे सचिव तरातरा आले आणि ताईला म्हणाले, "हे काय झालं? पोरगी मध्येच का थांबली?"

ताईने एकदा तलावाकडे बघितलं. मग म्हणाली, "डोकं हललं तिचं. दडपण झेपलं नाही."

"मग पुढच्या वर्षी दुसरी बघू. यादी सोमवारी लावायची आहे, तिचं नाव काढतो."

ताई काही बोलली नाही. बेडकी तिच्या मागे चार पावलांवर उभी होती. तिने सगळं ऐकलं. रडली नाही. माझी दोरी मुठीत धरून अशी ओढली की डाव्या बाजूने ती उपटूनच आली. मग मला खुंटीवर अडकवलं, ओला टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघून गेली. शनिवारी सरावाला आली नाही. रविवारीही नाही.

रविवारी संध्याकाळी ताई मला घरी घेऊन गेली, दोरी लावून घ्यायला. आई आता पंच्याहत्तरीला टेकली आहे. डोळे अधू झालेत, बोटं नाहीत. तिने मला चाचपलं.

"दोरी कुणी तोडली?"

"बेडकीने. हरलो ना, रागात ओढली."

"हरल्याने दोरी तुटत नाही. तू हरायचीस तेव्हा उशी चावायचीस. दोरी तुटते ती माणसावरच्या रागाने. माणूस कोण?"

"आई, तू शिव ना गुपचूप."

"सुई माझ्या हातात आहे, तोंडात नाही. काय बोललीस तिला?"

"तिला काही नाही बोलले."

"मग तिच्याबद्दल कुणाला बोललीस?"

ताई उठली, पाणी प्यायली, परत बसली. मग थोडं थोडं करत सगळं बाहेर आलं. रेघ, आवाज, सचिव, यादी. शेवटी म्हणाली, "मला रेघ दिसली, आणि आवाज कुठून निघाला ते मला कळलंच नाही. सरांचं ते रेघेचं वाक्य, आई. पंचवीस वर्षं आत बसलं होतं."

आईने दोरा दाताने तोडला.

"आवाज निघाला, ते मी समजू शकते. माणसाच्या आत काय काय शिवलेलं असतं, उसवल्याशिवाय दिसत नाही. पण नंतर त्या सचिवाला जे सांगितलंस, ते आपोआप नाही निघालं. ते तू नीट बेतून कापलंस."

ताई दोऱ्याचा तुटका तुकडा उचलून बोटाला गुंडाळत बसली.

"गिऱ्हाईक बदललं की मी जुन्या मापाचा कागद फाडते. जुन्या मापाने नवं शिवलं की काखेत फाटतं. आणि फाटलं की गिऱ्हाइकाला म्हणायचं नसतं, तुझीच काख वाईट." तिने मला ताईच्या मांडीवर टाकलं. "दोरी लावली. बाकीचं मला शिवता येणार नाही."

सोमवारी सकाळी ताई आधी ऑफिसात गेली. मी तिच्या हातात होते आणि ती मला पिळत होती. मला पिळू नये, शिवण ढिली होते, पण त्या दिवशी मी काही म्हटलं नाही. सचिव यादी टाइप करून बसले होते.

"बेडकीचं नाव यादीत घाला," ताई म्हणाली.

"अहो, तुम्हीच म्हणालात तिचं डोकं हललं म्हणून."

"तिचं नाही, माझं हललं होतं. ती बरोबर निघाली होती, मीच मागे बोलावलं. मग तुमच्यासमोर तिच्यावर ढकललं."

सचिवांनी चष्मा काढला. "हे मी समितीला काय सांगू?"

"हेच सांगा. मला काढायचं असेल तर मला काढा, तिला काढू नका."

ते थोडा वेळ भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले, त्यात माझ्याकडेच बघत असणार. मग पेन काढून यादीच्या तळाशी हाताने एक नाव लिहिलं. ताईचं समितीत काय होणार ते अजून ठरायचं आहे. ती विचारायलाही गेलेली नाही.

सराव सुरू झाला तेव्हा बेडकी आली, पण पोहायला नाही. कपाटाची किल्ली परत द्यायला आली होती. बूट घालूनच काठावर उभी राहिली. बाकीच्या मुली पाण्यात. ताईने शिट्टी वाजवून सगळ्यांना काठाशी बोलावलं आणि ऑफिसात जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. एक शब्द कमी केला नाही. तिचा आवाज दोनदा अडकला, पण खोकल्याचं सोंग केलं नाही, हे मी तिच्या बाजूने नोंदवते.

बेडकी म्हणाली, "मला माहीत होतं."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"तुम्हीच शिकवलंय ना ताई. आधी ऐकायचं."

"ते अर्धं चुकीचं शिकवलं."

"कुठलं अर्धं?"

"ते मलाही शोधायचंय अजून," ताई म्हणाली. पाण्यातल्या एका पोरीला हसू आलं, मग दुसरीला. बेडकी हसली नाही. किल्ली बोटात फिरवत म्हणाली, "मग तुम्ही गोलात उभ्या राहा. मी तिकडून येते, रेघ ओलांडून. बघू."

सत्तेचाळीस वर्षांची बाई, गेलेला खांदा. ती आत गेली, पोहायचा पोशाख घालून आली, मला डोक्यावर चढवलं. अठरा वर्षांनी. केस पिकलेत, कवटी तीच आहे. दोन वेढे, गाठ डावीकडे. पाय फिरू लागले; रवी जुनी असली तरी घुसळायला विसरत नाही.

पलीकडच्या टोकावरून बेडकी निघाली, कपाटातला पोशाख चढवून आणि मुलींपैकी कुणाची तरी पांढरी टोपी घालून. खूण जवळ आली. ताईचा जबडा उघडला. माझी दोरी तिथेच असते, मला नेमकं कळलं. पण आवाज निघाला नाही. बेडकी खूण ओलांडून आली, हात उचलला, मारला. आणि ताईने तो अडवला. मला बरं वाटलं. मुद्दाम सोडला असता तर पोरगी किल्ली ठेवून चालती झाली असती, आणि मीही तिला अडवलं नसतं.

"परत," बेडकी म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिने मारायचं नाटक केलं, ताई वर उसळली, खाली आली, आणि त्या मधल्या क्षणी चेंडू तिच्या कानाजवळून, म्हणजे माझ्याच कानाजवळून, जाळीत गेला. बेडकीने काठावर येऊन किल्ली बुटात टाकली. कपाटाची किल्ली ती तिथेच ठेवते.

मित्रांनो, जाता जाता चार शब्द. टोपी वापरून झाली की साध्या पाण्यात खळबळून काढा. तलावाच्या पाण्यातलं औषध कापड खातं. पिळू नका, सावलीत वाळवा, दोरीने लटकवू नका. आणि ज्याच्या कानात तुमचा आवाज सरळ पोचतो, त्याच्यावर ओरडण्याआधी तो आवाज तुमचाच आहे ना, एवढं बघून घ्या.

ताई अजून पाण्यात होती, धापा टाकत. तिचा कान माझ्या वाटीत, भोकं मोठी, इतक्या वर्षांनी संधी चालून आलेली. म्हणून मी तिला मोठ्याने सांगितलं:

"ऐक गं बांबू. गोलात तू कधीच वाईट नव्हतीस, काठावर उभी राहिल्यावर वाईट झालीस. आज सकाळी दोनदा खरं बोललीस, म्हणून तुझ्या आईला मी तुझी चहाडी करणार नाही. पोरगी तुझ्यापेक्षा चांगली आहे. आता मला काढ, तिच्या डोक्यावर बांध, आणि ती निघाली की तोंड मिटून बघ. गाठ डावीकडे मार. ओरडायची पाळी आता तिची आहे."